बळाची राखण

कमावलेले बळ ही आपली मालमत्ता आहे, हा समज वर्षानुवर्षे वजने उचलणाऱ्या माणसात फार खोल रुजलेला असतो. वहीतले आकडे तो पोसत राहतात. स्क्वॉटचा वा डेडलिफ्टचा एखादा आकडा एकदा गाठला की तो कायमचा आपल्या नावावर चढला, असे वाटू लागते. मीही चाळिशी उलटेपर्यंत त्याच समजात होतो. मुष्टियुद्धाच्या सरावाला लागल्यावर त्याची पहिली कसोटी लागली.

अंधेरी पश्चिमेला वीरा देसाई रस्त्यावर महापालिकेचे शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल आहे. त्या परिसरात व्यायामाच्या जागांना तोटा नाही, आणि अनेक ठिकाणी वजनांच्या दालनातच एका कोपऱ्यात जड बॅग टांगलेली दिसते. बॅगेसमोर तीन मिनिटांची फेरी, मग एक मिनिट विश्रांती. दुसरी फेरी सरता सरता माझे खांदे कानांपर्यंत चढत आणि ठोसा बॅगेला नुसता ढकलत असे. शिकवणारा मुलगा माझ्या निम्म्या वयाचा. तो म्हणे, "काका, खांदे सोडा. मूठ शेवटी आवळायची." वजन उचलताना सर्वांग आवळून धरावे लागते. ठोसा मात्र मागच्या पायाच्या चवड्यापासून निघतो, कमरेतून वर चढतो, सैल हातातून सुटतो आणि लागण्याच्या क्षणीच घट्ट होतो. पायांत आणि पाठीत साठवलेले बळ इथे वाया जात नाही. ते वेळेवर सोडायला मात्र नव्याने शिकावे लागते.

या टप्प्यावर माणसे दोन टोके गाठतात. काही जण वजने कायमची सोडून देतात, तर काही जण जुना कार्यक्रम तसाच ठेवून त्यावर मुष्टियुद्ध चढवतात. दुसऱ्या मार्गाचा परिणाम अमेरिकेतील संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये मांडला. ते स्वतः वजने उचलणारे. जॉन होलोझी यांच्या प्रयोगशाळेत आल्यावर ते त्यांच्यासोबत धावू लागले आणि आपली ताकद उतरत असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. पुढे त्यांनी दहा आठवड्यांचा प्रयोग केला. ताकद आणि दमसास या दोन्हींचा कठोर सराव एकत्र करणाऱ्यांचे बळ सुरुवातीला वाढले, सुमारे सातव्या आठवड्यानंतर थबकले आणि अखेरीस घसरू लागले. केवळ वजने उचलणाऱ्यांचे बळ मात्र वाढतच राहिले.

बळ मिळवण्यास जितके श्रम लागतात, त्याच्या अल्पांशाने ते राखता येते, हेही पुढील अभ्यासांतून दिसले आहे. आठवड्यातून एक-दोन बैठका पुरतात. अट एकच: बार्बेलवरचे वजन उतरवायचे नाही, सेट उतरवायचे. आपण नेमके उलटे करतो. दमलो म्हणून निम्म्या वजनाने पूर्वीइतकेच सेट मारतो, आणि नियम मोडला नाही याचे समाधान बाळगतो.

ठोशाचे मूळ पायांत असते, असे वर म्हटले. सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर निकामी झाले. उरलेल्या खांद्यांना आणि हातांना त्यांनी नवे काम दिले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर मुक्तशैली जलतरणात ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह त्यांनी सुवर्णपदक जिंकले. आमच्यासारख्या हौशी माणसाने त्यांच्याशी स्वतःची तुलना करणे हास्यास्पद ठरेल. तरीही प्रश्न तोच राहतो: काम बदलले, तेव्हा जुन्यातले काय सोबत न्यायचे?

हा प्रश्न व्यायामापुरता नाही. मनुष्य नोकरी बदलतो, घरात आजारपण येते, आणि जपलेली विद्या मागे पडते. गाणारा मग रोज कामे उरकता उरकता गुणगुणतो आणि रियाज चालू आहे असे मानतो. माझ्या मते हे सौम्य केलेले कर्तव्य फार काळ तग धरत नाही. आठवड्यातून एकदाच, परंतु पूर्ण भार घेऊन बसावे. त्या बैठकीत आपण नक्की किती उरलो आहोत, हे स्पष्ट कळते; पुष्कळ जण ती टाळतात, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

मुष्टियुद्धाकडे वळू पाहणाऱ्या वाचकांनी एक दिवस वजनांसाठी राखून ठेवावा, आणि तो जोडीदारासोबतच्या जोरकस सरावाच्या आदल्या दिवशी ठेवू नये. वयाचा मुद्दा वेगळा ध्यानात घ्यावा. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुणांनी मूळ सरावाच्या एक-नवमांश सरावावर स्नायूंचा आकार राखला. साठ ते पंचाहत्तर वयाच्या व्यक्तींना तो एक-तृतीयांश सरावावरही राखता आला नाही. साठी जवळ आलेल्यांनी म्हणून तरुणांचे प्रमाण उचलू नये. आठवड्यात आणखी एक दिवस काढावा.