नूर आला की नूर आली?



घरात अपत्य जन्मले की अकीक्याच्या दिवसापर्यंत चर्चा चालते ती नावाची. या चर्चेत अलीकडे एक शंका वारंवार ऐकू येते. नूर, शमीम, नसीम, कौसर, इक्बाल, मुमताज, फिरदौस ही नावे मुलाची की मुलीची? एका घरी कन्या झाली. आईच्या मनात ‘नूर’ होते, पण घराण्यात पूर्वी एक नूर मुहम्मद होऊन गेलेले, म्हणून वडीलधाऱ्यांनी ते पुरुषाचे नाव ठरवले. दुसऱ्या घरी मुलाचे नाव ‘शमीम’ सुचवले गेले, तेव्हा मामांनी बजावले की शाळेत पोरे याला सळो की पळो करून सोडतील. दोन्ही घरांनी इमामाला विचारलेला प्रश्न एकच होता : असे नाव ठेवणे जाइज आहे काय?

उत्तर थोडक्यात असे की, जाइज आहे. पुरुषांनी स्त्रियांचे व स्त्रियांनी पुरुषांचे अनुकरण करू नये, याविषयी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कठोर शब्दांत ताकीद दिली आहे, हे खरे. परंतु जी गोष्ट एकाच वर्गाची म्हणून ओळखली जाते, तिथेच अनुकरणाचा प्रश्न येतो. जी दोघांची आहे, ती घेताना कोणी कोणाचे अनुकरण करीत नाही. आणि कोणती गोष्ट कोणाची, हे नावांच्या बाबतीत समाजाची रूढी ठरवते. फिकहच्या परिभाषेत तिला ‘उर्फ’ म्हणतात. (दोन नावांच्या मध्ये आपण मराठीत जो ‘उर्फ’ लिहितो, तोही मुळात हाच शब्द. लोक ज्या नावाने ओळखतात ते नाव.) म्हणून मुलाचे नाव फातिमा किंवा मुलीचे नाव अब्दुल्लाह ठेवू नये. नूर किंवा कौसर यांच्याविषयी मात्र तसे म्हणता येणार नाही.

आरंभीच्या पिढ्यांकडे पाहावे. ‘हिंद’ म्हटले की आपल्याला हिंद बिंत उतबा आठवतात, उम्मुल मोमिनीन उम्मे सलमा (रजि.) यांचेही मूळ नाव हिंदच. परंतु ह. खदीजा (रजि.) यांना पूर्वीच्या पतीपासून झालेल्या पुत्राचे नावही हिंद होते. ते हिंद बिन अबी हाला. प्रेषितांच्या रूपाचे जे विस्तृत वर्णन ‘शमाइल’मध्ये आपण वाचतो, ते त्यांच्याच तोंडचे. ‘अस्मा’ हे ह. अबू बक्र (रजि.) यांच्या कन्येचे नाव, आणि असलम कबिल्यातील अस्मा बिन हारिसा हे पुरुष सहाबी. याहून बोलके उदाहरण हदीसच्या एका कथनकर्त्याचे आहे. त्यांचे नाव जुवैरिया बिन अस्मा. ‘जुवैरिया’ या शब्दाचा अर्थच लहानशी मुलगी. एका उम्मुल मोमिनीनचे हेच नाव आहे. म्हणजे पुत्राचे नाव स्त्रियांत प्रसिद्ध आणि पित्याचेही तसेच! तरीही नाफे यांच्याकडून त्यांनी कथन केलेल्या हदीसी इमाम बुखारींनी आपल्या ‘सहीह’मध्ये घेतल्या. कथनकर्त्यांची बारीक पारख करणाऱ्या विद्वानांनी त्यांचा खरेपणा आणि स्मरणशक्ती तपासली. नावाने त्यांची प्रतिष्ठा उणी झाली नाही.

मग लोक काय म्हणतील, याचा विचारच करू नये काय? तसेही नाही. नाव ठेवणारे आपण असलो तरी ते हाक मारणाऱ्यांच्या तोंडी राहते, याचे भान प्रेषितांनी (स.) आपल्याला दिले आहे. यसार म्हणजे सुबत्ता, रबाह म्हणजे नफा. अशी नावे गुलामांना ठेवू नयेत असे त्यांनी सांगितले, कारण कोणी ‘तो घरात आहे का’ असे विचारले आणि ‘नाही’ असे उत्तर आले, तर ते अशुभ वाटते. ‘बर्रा’ म्हणजे पुण्यशील. हे नाव त्यांनी बदलून एकीला जुवैरिया व दुसरीला जैनब हे नाव दिले, कारण त्यात आत्मप्रशंसा होती. ह. उमर (रजि.) यांच्या एका कन्येचे नाव ‘आसिया’, म्हणजे अवज्ञा करणारी, असे होते, तिला जमीला केले. (फिरऔनच्या पत्नीचे नाव आपण मराठीत असेच लिहितो, पण अरबीत तो वेगळा शब्द आहे.) मात्र नावाचा अर्थ किंवा त्यातून निघणारा ध्वनी सदोष होता, म्हणून हे बदल झाले. ‘हे तर बाईचे नाव वाटते’ एवढ्या कारणाने नव्हे.

आपल्या मुलांची अडचण पुष्कळदा भाषेची असते. हमजा, तलहा, उसामा, हुजैफा ही निर्विवाद पुरुषांची नावे. परंतु आशा, सीमा, वर्षा यांची सवय असलेल्या कानाला शेवटचा ‘आ’ ऐकून मुलीचा भास होतो. हजेरीपटावर ‘तलहा’ वाचून शिक्षिकेने मुलींच्या बाकांकडे पाहिले, तर त्यात द्वेष शोधू नये. किरण हे नाव दोघांचेही असते, हे तिला ठाऊक आहे. तलहा कोण होते, हे तिला कोणी सांगितलेले नसते. मुलाने उभे राहून सांगावे की हे उहुदच्या रणांगणात प्रेषितांची ढाल बनलेल्या सहाबींचे नाव आहे. एवढे सांगता येण्याजोगे त्याला घरी शिकवलेले मात्र असावे. शिवाय मराठीत नावाने लपवलेले क्रियापद लपू देत नाही. नूर आला की नूर आली, हे पहिल्याच वाक्यात उघड होते. अरबीत हेच काम ‘बिन’ आणि ‘बिंत’ करतात.

चिडवणाऱ्यांचा प्रश्न निराळा. सूरह हुजुरातच्या ११व्या आयतीत टवाळीची मनाई पुरुषांना वेगळी आणि स्त्रियांना वेगळी सांगितली आहे. त्याच आयतीत वाईट टोपणनावांनी हाक मारण्यासही मज्जाव आहे. शमीम नावाच्या मुलाला कोणी ‘शमीमबाई’ म्हणत असेल, तर गुन्हा म्हणणाऱ्याचा आहे. आणि स्पष्टच लिहितो, ही टवाळी शाळेत सुरू होण्याआधी पुष्कळदा घरातल्या दिवाणखान्यात, काका-मामांच्या तोंडून सुरू होते. शिवाय बाईचे नाव ही शिवी का वाटावी? उम्मुल मोमिनीनच्या नावाशी साम्य असणे ही कोणत्या पुरुषाची अप्रतिष्ठा?

दोघांना चालणारे नाव निवडण्यामागे कधी कधी एक दुखणेही असते. तिसरी कन्या होते आणि मुलासाठी योजून ठेवलेले नाव तिला दिले जाते. पुढे नातलगांना हसत सांगितले जाते की, आम्ही तर मुलाचीच तयारी केली होती. ती मुलगी हे वाक्य आयुष्यभर ऐकते. इम्रानच्या पत्नीनेही पुत्राच्या अपेक्षेने नवस केला होता. कन्या झाली तेव्हा तिने आपल्या पालनकर्त्यापुढे तसे बोलूनही दाखवले. पण तिने तिला मरियम हे नाव दिले, तिला आणि तिच्या संततीला सैतानापासून अल्लाहच्या आश्रयात सोपवले, आणि अल्लाहने त्या मुलीचा उत्तम प्रकारे स्वीकार केला. ‘इक्बाल’ हे नाव अर्थ आवडला म्हणून मुलीला द्या, खुशाल द्या. न झालेल्या मुलाची आठवण म्हणून देऊ नका.

नाव ठरवण्याची घाई रुग्णालयातच करण्याचे कारण नाही. नावाशिवायही जन्माची नोंद होते, आणि नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क दाखल करता येते. सातव्या दिवशी नाव ठेवणे सुन्नत आहे. तोवर आई, वडील, आजी, आजोबा यांनी एकत्र बसावे. निवडलेले नाव वडिलांच्या नावासह मोठ्याने उच्चारून पाहावे, अर्थ एखाद्या जाणकाराला विचारावा, आणि जन्मदाखला, लसीकरणाचे कार्ड व आधार या सर्वांवर त्याचे स्पेलिंग एकच राहील याची काळजी घ्यावी.