ओळखीसाठी दिलेली नावे



मराठीतला ‘पूर्वग्रह’ हा शब्द फार नेमका आहे. पूर्वीच करून घेतलेला ग्रह. समोरचा माणूस दोन शब्द बोलण्याआधी, त्याचे नाव, त्याचा मोहल्ला किंवा त्याची जमात कळताच मनात जो निकाल लागतो, तो पूर्वग्रह. दिव्य कुरआनने सूरह अल-हुजुरातच्या बाराव्या आयतीत यासाठी ‘जन्न’ हा शब्द योजला आहे. ईमानधारकांना तेथे पुष्कळशा जन्नपासून, म्हणजे आधार नसलेल्या समजुतींपासून, दूर राहण्याची आज्ञा आहे. कारण अशा काही समजुती गुनाह असतात. त्याच आयतीत पुढे तजस्सुसला, म्हणजे दुसऱ्याच्या उणिवा हुडकत फिरण्याला मनाई आहे आणि त्यानंतर गीबतला.

मदरशात असताना मी हे तीन वेगवेगळे गुनाह म्हणून पाठ केले होते. त्यांच्या क्रमाकडे लक्ष गेले ते फार उशिरा. मनात आधी समजूत बसते. मग डोळे त्या समजुतीला पुरावा शोधू लागतात. सापडला की जीभ तो चारचौघांत मांडते. आजचे मानसशास्त्रही हेच सांगते, की माणूस आपल्या समजुतीला जुळणारे तेवढे टिपून ठेवतो आणि न जुळणारे ‘अपवाद’ म्हणून सोडून देतो. शंभर माणसांतला एक वाईट वागला की तो त्याच्या जमातीचा नमुना ठरतो. नव्व्याण्णव नीट वागले तर ते ‘त्यांच्यातले असून चांगले’ ठरतात.

हा शेवटचा शब्दप्रयोग मी स्वतः केलेला आहे, म्हणून त्याविषयी लिहिणे मला भाग आहे.

एका परिचित गृहस्थांनी आपल्या मुलीसाठी आलेल्या स्थळाबद्दल मला विचारले. मुलगा आमच्या मशिदीत नियमित येणारा, कमावता, मितभाषी. त्याची बिरादरी वेगळी. बिरादऱ्यांची नावे मी मुद्दाम लिहीत नाही. वाचकांनी आपापल्या गावातली नावे तेथे घालावीत, एकही वाक्य बदलावे लागणार नाही. मी म्हणालो, “मुलगा नमाजी आहे, कष्टाळू आहे. पण त्यांच्यात घरचे वळण जरा वेगळे असते.” एवढेच बोललो. स्थळ मोडले.

स्थळाविषयी विचारणा झाली असता खरी माहिती द्यावी, ती गीबत ठरत नाही, हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो. त्यासाठी सहीह मुस्लिममधील हजरत फातिमा बिन्त कैस (रजि.) यांचा प्रसंग सांगतो. त्यांना मागणी घालणाऱ्या दोघांबद्दल प्रेषित मुहम्मद (स.) स्पष्ट बोलले: एकाजवळ धन नाही आणि दुसऱ्याच्या खांद्यावरची काठी खाली येत नाही, अशा आशयाचे. दोघेही कुरैश घराण्यातले होते. फातिमाही कुरैशच. पण प्रेषितांनी (स.) सुचवले ते उसामा बिन जैद (रजि.) यांचे नाव, जे एका मुक्त केलेल्या गुलामाचे पुत्र होते. फातिमांना आधी ते रुचले नाही. नंतर त्यांनी निकाह केला आणि त्यात अल्लाहने भलाई ठेवली, असे त्या स्वतः सांगतात. या हदीसमध्ये उणीव सांगितली आहे ती एकेका व्यक्तीची आणि माहीत असलेली. ‘त्यांच्यात’ हा शब्द तेथे नाही. मी मात्र त्या मुलाची एकही उणीव जाणत नव्हतो. मी त्याच्यावर त्याच्या जमातीविषयीची ऐकीव समजूत लादली आणि तिला सल्ला म्हटले.

येथे काही वाचक म्हणतील, मौलाना, पूर्वग्रह तर आमच्याविरुद्ध आहे. शहरात खोली भाड्याने पाहायला गेलो आणि नाव सांगितले की खोली ‘कालच गेली’ असे ऐकावे लागते. ते खरे आहे. तो अन्याय आहे आणि त्याला अन्यायच म्हटले पाहिजे. पण ज्याला हा चटका बसला आहे, त्याच्या घरात ‘त्यांच्यात’ हा शब्द सहज बोलला जावा, याचा उलगडा कसा करायचा?

हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाचे काम या ठिकाणी उपयोगी पडते. ते 1919 मध्ये पोलंडमध्ये एका ज्यू कुटुंबात जन्मले. शिक्षणासाठी फ्रान्सला गेले, युद्धात फ्रेंच सैन्यातून लढताना जर्मनांच्या हाती सापडले आणि फ्रेंच युद्धकैदी म्हणून जगले. ते पोलिश ज्यू आहेत हे उघड झाले असते तर बहुधा वाचले नसते. परतले तेव्हा घरचे जवळजवळ सर्व मारले गेले होते. माणूस तोच, त्याला कोणत्या नावाखाली नोंदवले यावर त्याचे जगणे ठरले.

पुढे इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे ताजफेल यांनी चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला. पडद्यावर क्षणभर दिसलेले ठिपके किती, हे मुलांनी अंदाजाने सांगायचे होते. मग त्यांना जास्त अंदाज करणारे आणि कमी अंदाज करणारे असे दोन गट असल्याचे सांगितले. प्रत्यक्षात वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केलेली होती. आपल्या गटात कोण आहे हेही कोणाला ठाऊक नव्हते. जुने वैर नाही, जमिनीचा वाद नाही, धर्म नाही. तरी पैसे वाटायची वेळ आली तेव्हा बहुतेकांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. पुढच्या प्रयोगात याहून विचित्र दिसले: दुसऱ्या गटाहून आपण पुढे राहावे म्हणून मुले आपल्या गटाच्या पदरी पडणारी रक्कमही कमी करून घेत होती.

म्हणजे पूर्वग्रहाला द्वेष लागतोच असे नाही. नाव पुरते.

मग नावेच पुसून टाकावीत काय? कुरआन तसे सांगत नाही. हुजुरातच्या तेराव्या आयतीत अल्लाहने आपण माणसांना एका पुरुष-स्त्रीपासून निर्माण करून त्यांची कुळे व कबिले केल्याचे सांगितले आहे, ते एकमेकांची ओळख पटावी म्हणून. आणि प्रतिष्ठा ठेवली आहे ती तक्व्यात. एका मोहिमेत एका मुहाजिराने एका अन्साराला लाथ मारली. एकाने अन्सारांना हाक दिली, दुसऱ्याने मुहाजिरांना. वाचकहो, ही नावे कोणती आहेत ते पाहा. कुरआनने गौरवलेली नावे! तरीही प्रेषितांनी (स.) त्या हाकेला अज्ञानकाळाची हाक म्हटले आणि ती सोडून देण्यास सांगितले, कारण तिला दुर्गंधी येते. नावे त्यांनी काढून घेतली नाहीत. अन्सार अखेरपर्यंत अन्सारच राहिले. आपल्या बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार, पिंजारी, मुलाणी या नावांचेही तेच आहे. ती कामाची, हातच्या हुन्नराची नावे आहेत. ओळखीसाठी ती सुंदर आहेत; निकाह, मशिदीची कमिटी किंवा दफनभूमीतली जागा ठरवताना तीच हाक बनतात.

उपायाबाबत आपण फार स्वस्तात सुटू पाहतो. दरवर्षी इफ्तार पार्टी होते, ईदला शेजारी शीरखुर्मा जातो, फोटो छापून येतात. मी याच्या विरुद्ध नाही. पण इझमीरजवळ जन्मलेले मुझफ्फर शरीफ यांचा अनुभव ऐका. 1954 मध्ये त्यांनी अमेरिकेतील ओक्लाहोमा येथे 22 मुलांचे शिबिर घेतले. मुले एकाच धर्माची, एकाच थराची. दोन गट करून सामने लावताच झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. मग त्यांना एकत्र जेवायला बसवले, तर त्यांनी एकमेकांवर अन्न फेकले! फरक पडू लागला तो शिबिराचे पाणी बंद पडले आणि टाकीपर्यंतची वाट सगळ्यांनी मिळून तपासली तेव्हापासून. पुढे बंद पडलेला ट्रक ओढायचा होता. ज्या दोरीने मुले रस्सीखेच खेळली होती, तीच दोरी लावून दोन्ही गटांनी तो ओढला. एका कामाने भागले नाही. अशी कामे एकापाठोपाठ एक करावी लागली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गॉर्डन ऑलपोर्ट यांनीही नुसत्या सहवासावर विश्वास ठेवला नाही. दर्जा समान हवा, काम सामायिक हवे आणि वडीलधाऱ्यांचा, कायद्याचा त्याला पाठिंबा हवा, असे त्यांचे म्हणणे. आपल्या इफ्तारमध्ये एक यजमान असतो, एक पाहुणा. ओढायचा ट्रक कुठेच नसतो. आणि ज्या बिरादरीला आपण सफमध्ये खांद्याला खांदा लावू देतो, तिला कमिटीत किती खुर्च्या दिल्या आहेत, हे प्रत्येकाने आपल्या मशिदीत मोजून पाहावे. पाठिंबा द्यायचा त्या वडीलधाऱ्यांत इमामही येतो.

हे सगळे वाचून झाल्यावर त्या मुलाच्या वडिलांकडे जाण्यावाचून मला गत्यंतर राहिले नाही. असरनंतर गेलो. काय बोललो होतो ते शब्दशः सांगितले आणि माफी मागितली. त्यांनी शांतपणे ऐकले, चहा मागवला. बराच वेळ कप तसाच राहिला. मग म्हणाले, “मौलाना, हे तुम्ही मुलीच्या वडिलांना सांगितलं का?”

सांगितले नव्हते. इशानंतर त्यांच्याकडे गेलो.