खानदेशातले सण आणि विसर्जनाचा अर्थ

सण साधेपणाने केला तर भक्ती उणी पडते का, हा प्रश्न मुळात धर्माचा आहे. पर्यावरणाचा तो नंतर होतो. गीतेच्या नवव्या अध्यायाचे उत्तर स्पष्ट आहे: पान, फूल, फळ, पाणी यांतले काहीही देवाला चालते, अट फक्त भावाची. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. नवव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी रोजचे साधे कर्मही ईश्वराला अर्पण करता येते, हे विस्ताराने मांडले.

साधेपणा म्हणजे कंजुषी नव्हे. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणाऱ्या कानबाईसाठी जळगाव-धुळ्याकडच्या घरांत रंगरंगोटी होते, पांगलेले भाऊबंद गावी येतात, माणसे मोजून रोटांचे गहू काढले जातात. नारळाला साज चढवून देवी उभी करतात, रात्र गाण्यांत जाते आणि सोमवारी वाजतगाजत तिला नदीवर नेतात. थाट मोठा, पण सामग्री शेतातली आणि घरातली. आखाजीलाही, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाही, तेच: पितरांसाठी भरलेली मातीची घागर, आंबा, डांगर, सांजोरी, माहेरी आलेल्या लेकींसाठी झाडाला बांधलेला झोका. यातले काही फेकायचे म्हटले तरी कचरा म्हणावा असे हाती उरत नाही.

गणेशमूर्तीचा विधीही ‘पार्थिव’ म्हणजे मातीच्या मूर्तीचा. याउलट प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात लवकर विरघळत नाही. मूर्तीचे तुकडे तळाशी पडून राहतात आणि रंगांतली रसायने पाण्यात उतरतात. म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत मातीसारख्या नैसर्गिक साहित्याच्या मूर्तींचा आग्रह धरला. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आहे.

विसर्जनाची खरी अडचण वेगळीच आहे. पूर्वजांनी निर्माल्य वाहत्या पाण्यात सोडले, तेव्हा पाणी वाहत होते. आज गिरणा काय, पांझरा काय, धरणांमुळे वर्षातला बराच काळ कोरडी असते किंवा डबक्यांत साचलेली असते. जळगावचा मेहरूण तलाव तर साचलेलेच पाणी. तिथे फुलेसुद्धा कुजून पाण्यातला प्राणवायू खातात. म्हणजे रूढी जशीच्या तशी पाळली, तरी तिचा हेतू साधत नाही. ‘परंपरा आहे’ हे उत्तर इथे अपुरे पडते.

शास्त्राने मात्र वाट मोकळी ठेवली आहे. प्राणप्रतिष्ठेने मूर्तीत देवत्व येते आणि उत्तरपूजेत अक्षता वाहून मूर्ती जागची हलवली की ते निरोप घेते. पुढे पाण्यात जाते ती माती. ती नदीत विरघळली काय आणि अंगणातल्या बादलीत विरघळली काय, पूजेत उणेपणा येत नाही. बादलीतला गाळ तुळशीला घालावा, निर्माल्याचे खत करावे. मोठ्या मूर्तीची चढाओढ आणि रात्री दहानंतरचा डीजे यांना मात्र कुठल्याही पोथीत आधार सापडत नाही.