चूक देवाच्या नावावर

इराणहून परतताना काय आणावं, या प्रश्नाची सोपी उत्तरं खाण्याची आहेत. केशर, पिस्ते, कोम शहरातली सोहन नावाची मिठाई. चार घरी वाटली की विषय संपला. हस्तकलेची वस्तू घेतली की ती घरात राहते, आणि दुकानात तिच्याविषयी जे ऐकलं तेही तिच्याबरोबर राहतं. गालिच्याच्या बाबतीत ऐकू येणारी गोष्ट ठरलेली आहे. विणकर कितीही निष्णात असला तरी एक चूक मुद्दाम सोडतो, म्हणे, कारण निर्दोष निर्मिती करणं ही फक्त परमेश्वराची बाब. इंग्रजीत तर या प्रकाराला ‘पर्शियन चूक’ असं नावच पडलं आहे. गोष्ट ऐकायला गोड आहे. घरी आलेल्या पाहुण्यांना गालिचा दाखवताना गालिच्याच्या आधी तीच सांगितली जाते. पण तिला जरा तपासून पाहिलं, तर तिच्यात ना देवाचा मान राहतो ना विणकराचा. आणि तिच्यावर विसंबून जो वस्तू निवडतो, तो वस्तूवरची खरी खूण सोडून भलतंच काही घरी आणतो.

आधी त्यातला तर्क पाहू. मुद्दाम चूक करणारा माणूस मनाशी काय धरून चालतो? ही एक गाठ चुकवली नसती तर माझं काम देवाच्या कामाशी बरोबरी करून बसलं असतं, म्हणून मी आपण होऊन एक पायरी खाली उतरतो. याला नम्रता कसं म्हणायचं? शर्यतीत देवाला जिंकू द्यावं म्हणून आपण जरा सावकाश धावण्यासारखं आहे हे. आपल्याकडे पूजा आटोपली की क्षमापन असतं. मंत्र चुकला असेल, विधीत काही राहिलं असेल, भक्ती कमी पडली असेल, ते तू पुरं मानून घे, अशी विनवणी. पण क्षमा मागायला काहीतरी हवं म्हणून कोणी गुरुजी अथर्वशीर्षातली ओळ गाळत नाहीत. जे मन लावून केलं आणि तरीही उणं राहिलं, त्याचीच क्षमा मागायची असते. माणसाचं अपुरेपण ही त्याला व्यवस्था करून आणावी लागणारी चीज नाही. ती जन्मासोबत मिळालेली आहे. चाळीस इंच रुंदीच्या गालिच्यात एकेका ओळीला शेकडो गाठी मारताना, महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं, ती आपणहून कुठे ना कुठे उतरतेच.

इस्लामच्या आधारग्रंथांतही या गोष्टीला फारसा टेकू मिळत नाही. कुराणातल्या ‘मुल्क’ या सुऱ्यात सृष्टीकडे पुन्हा पुन्हा बघायला सांगितलं आहे: कुठे तडा दिसतो का पाहा, नजर थकून परत येईल. देवाची निर्मिती निर्दोष आहे हे तिथे स्वच्छ म्हटलं आहे. त्यावरून माणसानं आपलं काम बिघडवावं, असं निघत नाही. उलट शिया हदीससंग्रहांत पैगंबरांविषयीचा एक प्रसंग येतो, तो इथे फार बोलका आहे. साद इब्न मुआज या सहकाऱ्याच्या दफनाच्या वेळी पैगंबर स्वतः कबरीत उतरून विटा बसवत होते, ओली माती नि दगड मागून घेऊन फटी बुजवत होते. माती लोटून झाल्यावर त्यांनी जे सांगितलं त्याचा आशय असा, की हे सगळं झिजून जाणार हे मला ठाऊक आहे. पण माणूस काम करतो तेव्हा ते नीट, पक्कं करावं, हे देवाला आवडतं. जे मातीखाली जाणार, जे कोणाच्या दृष्टीस पडणार नाही आणि जे टिकणारही नाही, त्याची फटसुद्धा बुजवायची. या परंपरेतला भाविक कारागीर देवाला खूश करण्यासाठी फट मुद्दाम ठेवील, हे पटायला कठीण जातं.

आता मागाकडे वळू, कारण या गोष्टीचा खरा निकाल तिथे लागतो. काशान शहर आणि फार्स प्रांत इथल्या गालिचे विणण्याच्या कौशल्याला युनेस्कोनं २०१० साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, दोन्हींना स्वतंत्रपणे. तसं करणं योग्यच होतं, कारण ही दोन जगं आहेत. काशानला नक्शा असतो: बारीक चौकटींच्या कागदावर रंगवलेला, एक चौकट म्हणजे एक गाठ. पूर्वी कारखान्यांतून एक जण हा नक्शा वाचत असे, कोणत्या रंगाच्या किती गाठी ते सुरात म्हणत असे, आणि मागावर ओळीनं बसलेले विणकर त्याला प्रतिसाद देत गाठी मारत. इथे बरोबर काय आणि चूक काय ते कागदावर ठरलेलं आहे. म्हणूनच इथे चूक ही चूकच असते. उस्तादाच्या नजरेस पडली तर उसवावी लागते, सुटली तर माल उतरतो. फार्समध्ये कश्काई आणि इतर भटक्या जमातींच्या बायका जमिनीवर आडव्या टाकलेल्या मागावर विणतात. समोर नक्शा नसतो, नमुना डोक्यात असतो, आणि एकीच्या हातून सारखे दोन गालिचे उतरत नाहीत. कोपऱ्यातलं हरिण एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला निळं निघालं, तर त्याला चूक कोणाच्या हिशेबानं म्हणायचं? चूक ठरायला आधी बरोबर काय ते ठरलेलं लागतं. म्हणजे जिथे चुकीला अर्थ आहे तिथे ती कोणाला नको असते, आणि जिथे ती सहज ‘दिसते’ तिथे ती चूकच नसते. दुकानातली गोष्ट या दोहोंच्या मधल्या, कुठेच नसलेल्या मागावर विणलेली आहे.

दिसणाऱ्या बहुतेक विसंगतींना साधी कारणं असतात. निळ्या पार्श्वभूमीत मध्येच फिकट पट्टा दिसतो, त्याला ‘अब्रश’ म्हणतात. एका कढईत रंगवलेली लोकर संपली आणि दुसऱ्या कढईतली सुरू झाली, रंग तोच, उतार वेगळा. कडा वाकड्या दिसतात, कारण टोळी मुक्काम हलवताना माग गुंडाळते, नव्या जागी पुन्हा ताणते, आणि ताण्याचा ताण पहिल्यासारखा बसत नाही. या खुणांमध्ये लोकर आहे, पाणी आहे, प्रवास आहे. आणि एक चूक खरोखरच मुद्दाम केलेली असते, पण तिच्याविषयी दुकानदार बोलत नाहीत. तिचं नाव जुफ्ती. गाठ सहसा ताण्याच्या दोन धाग्यांवर मारायची असते; जुफ्तीत ती चार धाग्यांवर मारतात. त्याच रुंदीत गाठी निम्म्या, वेळ निम्मा, आणि वरून पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. लव मात्र विरळ राहते आणि लवकर झिजते. गालिच्यात मुद्दाम सोडलेली चूक शोधायचीच असेल तर ही शोधावी. तिच्यात देव कुठेच नाही, पैसा आहे. आणि तो बहुधा विणणारीच्या हातात पडत नाही.

यावर सगळ्यात भक्कम आक्षेप अर्दबीलच्या गालिच्याचा. हिजरी ९४६, म्हणजे इसवी सन १५३९-४० हे साल त्याच्यावरच विणलेलं आहे. लांबी साडेदहा मीटर, रुंदी सव्वापाच मीटरच्या वर, दर चौरस इंचाला साधारण ३४० गाठी. मध्ये पिवळं चक्र आणि त्याच्या दोन टोकांना टांगलेले दोन दिवे. त्यातला एक दिवा दुसऱ्यापेक्षा उघड लहान आहे. इतक्या हिशेबी कामात हे नजरचुकीनं झालं असणं शक्य नाही. ते ठरवूनच केलेलं आहे. मग हीच ती देवासाठी सोडलेली चूक, असं म्हणणारे आहेत. दुसरे म्हणतात, लहान दिव्याच्या बाजूला बसणाऱ्याला दोन्ही सारखे दिसावेत म्हणून केलेली ती युक्ती आहे. पण त्या काळच्या इराणी कलेत अशी युक्ती वापरल्याचा पुरावा नाही. मी दोन्ही अर्थांपुढे थोडा थांबतो. ठरवून, आराखड्यात आखून, हजारो गाठींनी विणलेल्या दिव्याला ‘चूक’ हा शब्दच लागू पडत नाही. ती रचना आहे, तिचं कारण काही का असेना. गालिच्यावर अक्षरं आहेत, पण त्यांत दिव्यांविषयी काही नाही. त्यांत हाफिजच्या गझलेतला एक शेर आहे, साल आहे, आणि काम करून घेणाऱ्या मकसूद काशानीचं नाव आहे, ज्यानं स्वतःला या उंबरठ्याचा दास म्हटलं आहे. नामदेवाच्या पायरीवर डोकं टेकून आत जाणाऱ्याला या शब्दांतला भाव समजावून सांगावा लागणार नाही. नम्रता दाखवायची होती तेव्हा ती त्यानं सरळ लिहून दाखवली.

याच गालिच्याचा पुढचा इतिहास मात्र मासलेवाईक आहे. हे गालिचे जोडीचे, अर्दबीलच्या शेख सफीउद्दीन यांच्या दर्ग्यातून एकोणिसाव्या शतकात व्यापाऱ्यांच्या हाती आले, तेव्हा दोन्ही झिजलेले होते. व्यापाऱ्यांनी एकाचे तुकडे काढून दुसरा सांधला, म्हणजे एक तरी अखंड विकता यावा. १८९३ साली लंडनच्या संग्रहालयानं, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टनं, तो २००० पौंडांना घेतला. पारख करायला विल्यम मॉरिस होते, आणि त्यांनी अहवालात त्याची रचना निर्दोष असल्याची ग्वाही दिली. दोन दिवे असमान असूनही! उरलेला, किनार नसलेला जोडीदार आज लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे. विणकराच्या चुकीत अध्यात्म पाहणाऱ्या बाजारानं स्वतः मात्र अखंड मालासाठी दुसऱ्या गालिच्यावर कात्री चालवली.

दुसरा आक्षेप मला अधिक मानवतो. काही विणणाऱ्या खरोखरच एखादा धागा वेगळ्या रंगाचा घालत असतील, निळा मणी अडकवत असतील. त्यांच्या श्रद्धेला खोटं म्हणणारे आपण कोण? अगदी बरोबर, आणि हे आपल्याला परकंही नाही. बाळाच्या गालावर काजळाची तीट लावतात ती याच जातीची. पण तीट लावणारी आई काय म्हणत असते? माझं बाळ देवाइतकं सुंदर झालं असतं, म्हणून मी त्याला खाली आणते, असं नक्कीच नाही. तिला भीती असते ती शेजारपाजारच्या नजरेची. दृष्ट लागू नये म्हणून केलेली खूण आणि देवाशी स्पर्धा नको म्हणून केलेली खूण, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीच्या पुराव्यानं दुसरी सिद्ध होत नाही. अमेरिकेतल्या नवाहो विणकरांत किनारीतून बाहेर जाणारी एक रेघ सोडायची चाल आहे. ती विणणारीच्या मनाला कामातून बाहेर पडायला वाट म्हणून. तीही चूक नव्हे. अमिश लोकांच्या गोधड्यांनाही हीच ‘देवासाठी चूक’ चिकटवली गेली आहे. एकच गोष्ट इतक्या वेगवेगळ्या धर्मांच्या, देशांच्या मालाला जशीच्या तशी बसते, तेव्हा ती मालातून आलेली नसून विकणाऱ्यांच्या तोंडून फिरत आलेली आहे, असा संशय घ्यायला जागा आहे.

गोष्ट खोटी असली तरी बिघडलं काय, चार लोकांना नम्रतेची आठवण राहिली, असंही म्हणतात. बिघडतं ते असं, की चूक हेच हातच्या कामाचं प्रमाणपत्र ठरलं की चूकही कारखान्यात तयार होऊ लागते. यंत्रावरच्या गालिच्यात अब्रशची नक्कल आता सर्रास विणली जाते. इस्फहानच्या कलमकारी कापडावर काळा, लाल, निळा, पिवळा असे वेगवेगळे ठसे एकावर एक मारतात, आणि कुठेतरी लाल ठसा काळ्या रेषेच्या बाहेर केसभर सरकतो. हातानं ते होणारच. पण तो केसभर सरकलेला लाल रंगही छापता येतो, आणि मग भोळा गिऱ्हाईक त्याच्यावर बोट ठेवून समाधानानं मान डोलावतो. शिवाय काशानच्या विणकरांत दोन-तृतीयांशांहून अधिक बायका आहेत. तिच्या चुकीचं तत्त्वज्ञान आपण घरभर सांगतो. तिनं कितव्या वर्षी गाठ मारायला घेतली, मजुरी काय मिळाली, हे मात्र कोणी विचारलेलं नसतं. तिला संत केलं की तिचा हिशेब चुकता करावा लागत नाही. तिच्या कामाचं नाव फारसीत हुनर. तोच शब्द मराठीत हुन्नर होऊन आला. गालिचा, नमुना, कारागीर, सौगात हे शब्दही फारसीच्याच वाटेनं आले. शब्द घेतले, त्यांच्यामागची मेहनत पाहायची तेवढी राहिली.

श्रद्धा विणलेली वस्तूच हवी असेल, तर यज्दजवळच्या मेबोदला जावं. तिथे झिलू विणतात: सुती, बिनलवेची, बहुधा निळी-पांढरी सतरंजी, मशिदींत अंथरायची. जुन्या झिलूंच्या कडेला अक्षरं विणलेली असतात, कोणी कोणत्या मशिदीला वक्फ केली आणि कोणत्या साली. कधी विणकराचंही नाव. त्या जुन्या घ्यायच्या नाहीत, त्या देवाच्या नावे दिलेल्या आहेत. नवी लहानशी मात्र मिळते आणि पिशवीत मावते. गालिचाच घ्यायचा असेल तर दुकानात तो उलटा करायला सांगा, मागच्या गाठी बघा, मध्येच लव फाकवून बघा, आणि विचारा: कोणत्या गावचा, कोणाच्या हातचा? उत्तर आलं नाही, आणि चूक-देव-नम्रता सुरू झालं, तर केशर घेऊन या.