ओळखीच्यांचा सिनेमा

सिनेमा संपतो, दिवे लागतात, आणि काही लोक घाईघाईनं मोबाईल काढून त्यात काहीतरी अतिमहत्त्वाचं वाचायला लागतात. ही सगळी दिग्दर्शकाच्या ओळखीची मंडळी. तो दारापाशी उभा असतो आणि "कसा वाटला?" हे विचारणार असतो. खुर्चीपासून दारापर्यंतच्या पंचवीस-तीस पावलांत एक वाक्य जुळवायचं असतं.

वाक्यं तशी ठरलेली आहेत. "कॅमेरा कसला भारी झालाय!" म्हणजे गोष्ट जमलेली नाही. "मेहनत दिसते रे" म्हणजे काहीच जमलेलं नाही. "मला अजून एकदा बघायचाय" म्हणजे आज मला जाऊ दे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाठीवर थाप मारून नुसतं "केलंस बाबा!" म्हणणं.

पुण्यात राहून हा प्रसंग टळत नाही. 1933 साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून इथे आली. तिच्याच स्टुडिओच्या जागेवर 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, 1964 मध्ये फिल्म अर्काइव्ह आलं. पण त्या इन्स्टिट्यूटच्या गेटातून कधी आत न गेलेल्यांनाही या गावात सिनेमा करायचा असतो. पूर्वी एकांकिकेवर भागायचं. आता फोन आहे, भाड्यानं मिळणारा गिंबल आहे, आणि सुट्टीच्या दिवशी पोहे-चहावर राबायला तयार असलेले मित्र आहेत.

आमच्या ग्रुपनंही असाच एक सिनेमा केला. पंचेचाळीस मिनिटांचा, बारावीतल्या मुलामुलींचा. नोकरीला लागलेली पंचवीस-सव्वीस वर्षांची माणसं दाढ्या काढून, पाठीवर सॅक लावून सतरा वर्षांची झाली होती. क्लास, टेकडी, पार्किंगमधल्या स्कूटी, अमृततुल्यच्या बाहेरचा कट्टा. एका हळव्या प्रसंगात मागून पीएमपीच्या ब्रेकचा असा काही आवाज येतो की नायिका रडते आहे ते बसमुळे, असं वाटावं. तीस-चाळीस जणांपुरता एक छोटा हॉल घेऊन त्यांनी तो दाखवला.

ओळखीच्यांचा सिनेमा बघणं हे मुळात सिनेमा बघणंच नसतं. नायकाची खोली म्हणून जी खोली दिसते, तिथल्या कॉटवर मी कावीळ झालेली असताना पडून होते. खलनायक आत येतो आणि मला आठवतं की याला अजून माझे सातशे रुपये द्यायचेत. ज्याला आपण पात्र म्हणतो, त्याच्यासाठी माणसाबद्दल थोडं अज्ञान लागतं. ते इथे मिळत नाही. त्यामुळे मित्राच्या सिनेमाबद्दल मी तटस्थपणे सांगते आहे असं कुणी म्हणालं, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

मग काय सांगावं? आपल्याकडे यावर एक जुना सल्ला आहे. मनुस्मृतीतला तो श्लोक शाळेत अनेकांनी सुभाषित म्हणून पाठ केलेला असतो: खरं बोलावं, गोड बोलावं, खरं पण कडू असेल ते बोलू नये आणि गोड पण खोटं असेल तेही बोलू नये. ऐकायला छान आहे. पण खरं कडूच असेल आणि समोरच्यानं थेट विचारलं असेल, तर हा सल्ला पाळून फक्त गप्प बसता येतं. आणि सिनेमा संपल्यावर मित्रानं गप्प बसणं म्हणजे काय, हे कुठल्याही दिग्दर्शकाला विचारा.

ॲरिस्टॉटलही याच पेचात सापडला होता. नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात प्लेटोच्या मताला विरोध करण्याआधी तो क्षणभर थांबतो. हे काम जिवावर येतंय, कारण हे विचार मांडणारी माणसं आपली आहेत, असं कबूल करतो आणि मग म्हणतो की दोन्ही प्रिय असले तरी मान सत्याला आधी द्यायला हवा. लोक या जागेतलं सत्याचं वाक्यच तेवढं उचलतात. मला ते आधीचं अडखळणं जास्त महत्त्वाचं वाटतं.

पुण्याला न अडखळता बोलण्याचा अभिमान आहे. 2022 साली पुरुषोत्तम करंडकाच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी ठरवलं की एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची नाही, म्हणून करंडक कुणालाच द्यायचा नाही. 1963 पासून महाराष्ट्रीय कलोपासक ही स्पर्धा भरवतं, आणि कॉलेजच्या पोरांसाठी तो करंडक काय असतो हे पुण्याबाहेरच्यांना समजावून सांगणं अवघड आहे. बराच गदारोळ झाला. कुणी म्हणालं, एवढ्या मेहनतीवर पाणी ओतलंत. कुणी म्हणालं, बरं झालं, कुणीतरी खरं बोललं. मला वाटतं परीक्षकांनी त्यांचं काम केलं. त्यांना मापायला बोलावलं होतं, त्यांनी मापलं. पण त्याच भरत नाट्य मंदिरात पडदा उघडण्याआधी "अरे आव्वाज कुणाचा!" म्हणून घसा फोडणारी पोरंही बसलेली असतात. ते ओरडणंही खोटं नसतं. ते नाटकाबद्दल नसतंच, ते माणसांबद्दल असतं.

मित्राच्या सिनेमाला गेलेल्या माणसाला या दोनच खुर्च्या दिसतात. एक परीक्षकाची, एक ओरडणाऱ्यांची. पहिलीत बसायचा अधिकार नाही, कारण आपण तटस्थ नाही. दुसरीत बसून आता वय झालं. माझ्या मते तिसरी एक जागा असते, आणि ती आमच्या सिनेमातल्या एका प्रसंगामुळे मला नीट दिसली.

सिनेमात एका मुलीची डायरी क्लासमधल्या मुलांच्या हाती लागते. बाकावर उभं राहून एक जण ती वाचायला लागतो. नायक पुढे येतो, डायरी हिसकावतो आणि दीड मिनिट बोलतो. दुसऱ्याच्या मनात असं बूट घालून शिरू नये वगैरे. मुलगी ओल्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघते, संगीत सुरू होतं. घरी गेल्यावर तिची आई तिला ओरडते, डायरी गॅसवर धरते. हॉलमध्ये या प्रसंगाला टाळ्या पडल्या.

हे खरंच घडलेलं आहे. बारावीत, एका क्लासमध्ये, आमच्यातल्याच एका मुलीच्या बाबतीत. मी दुसऱ्या बॅचला होते. संध्याकाळी तिच्या घरी गेले तेव्हा ती गॅलरीत पाठमोरी बसली होती. त्या दिवशी कुणीही पुढे आलं नव्हतं. डायरी पूर्ण वाचून झाली, मग सर आले आणि तास सुरू झाला. ती त्या क्लासला परत गेली नाही. पुढे ग्रुपमधूनही हळूहळू गेली. आता दुसऱ्या शहरात असते. त्या दिवशी हॉलमध्ये ती नव्हती, आणि असा सिनेमा झालाय हेही तिला माहीत नव्हतं.

दिग्दर्शक मात्र त्या दिवशी क्लासमध्ये होता. तिसऱ्या बाकावर.

अनोळखी समीक्षक या प्रसंगाबद्दल फार तर म्हणेल की भाषण लांबलंय, संगीत जास्त झालंय. त्याचं बरोबरच असेल. पण हे असं घडलं नव्हतं, हे सांगू शकणारी माणसं जगात आठ-दहाच आहेत आणि त्यातली बहुतेक त्या हॉलमध्ये टाळ्या वाजवत होती. तिसरी जागा ही आहे, तिथे असलेल्या माणसाची. तिला स्टार देता येत नाहीत आणि घोषणाही देता येत नाहीत. तिला फक्त एवढं विचारता येतं, की बाबा, हे तू असं का केलंस?

मी त्याला विचारलं, दारात नाही, चार दिवसांनी, चहा पिताना. तो चिडला, आणि त्याचं चिडणं मला पटण्यासारखं होतं. "मी नाव बदललंय, क्लास बदललाय, स्कूटीचा रंगसुद्धा बदललाय. ती ओळखू येत नाही." मग म्हणाला, "आणि ती आठवण एकट्या तिची आहे का? मीही होतो तिथे. आठ वर्षं मी त्या बाकावरून उठतोय. एकदा तरी मला उठू दे की." यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. एखाद्यानं आयुष्यात एकदा न केलेली गोष्ट सिनेमात करून बघितली, तर त्यात वाईट काय? कला बऱ्याचदा त्यासाठीच असते. आणि ओळखीच्यांबद्दल काहीच लिहायचं नाही असं ठरवलं, तर सतरा वर्षांच्या पोरांवर सिनेमा करायचा कुणी? मराठीत या वयावरची जी चांगली कामं आहेत, ती सगळी कुणाच्या तरी आठवणीतून, कुठल्या तरी खऱ्या वर्गातून निघाली असणार असं ती बघताना वाटतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 2002 चा 'दहावी फ' बघताना शेवटच्या तुकडीतल्या पोरांची चीड कुणी टेबलाशी बसून रचली असेल असं वाटत नाही.

अडचण वेगळीच आहे. आपल्याकडच्या वयात येण्याच्या गोष्टी बहुतेक मुलाच्या डोळ्यांतून सांगितलेल्या असतात आणि मुलगी ही त्याच्या आयुष्यात घडलेली घटना असते. यात आपोआप काही चूक नाही. मिलिंद बोकिलांची 'शाळा' घ्या, किंवा सुजय डहाकेनं त्यावर केलेला सिनेमा. सगळं मुकुंद जोशीला दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं, आणि शिरोडकर गाव सोडून जाते तेव्हा ती आपल्यालाही तेवढीच अपुरी कळलेली असते. नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'त (2013) तर शालूच्या मनात काय आहे हे कधीच कळत नाही, कारण जब्यालाही ते कळत नाही. शेवटी डुक्कर पकडायला लावलेलं असतं तेव्हा बघ्यांमध्ये तीही असते. मंजुळेंना त्या पोराला सुखावणारा शेवट देणं किती सोपं होतं! त्यांनी शालूकडून जब्याला माफीसुद्धा मिळवून दिली नाही. मुलीबद्दल आपल्याला माहीत नाही, हे या सिनेमाला माहीत आहे.

आमच्या सिनेमाला मात्र सगळं माहीत आहे. तिला वाचवल्यावर ती कशी बघेल, हेसुद्धा. तो बाकावरून उठला, ते ठीक. पण त्यासाठी त्यानं तिला कृतज्ञ करून टाकलं. ज्या मुलीला त्या दिवशी कुणीच मिळालं नाही, तिच्या डोळ्यांत त्यानं आभार भरले. स्वतःची सुटका करताना तिचा एकटेपणा त्यानं पुसून टाकला, आणि तो पुसायचा अधिकार तिच्याशिवाय कुणालाच नव्हता. मी हे त्याला जवळजवळ याच शब्दांत सांगितलं. तो बराच वेळ ग्लास फिरवत बसला. मग म्हणाला, "सिनेमा म्हणून कसा आहे ते तरी सांग." मी म्हटलं, ते मला खरंच सांगता येत नाही.

उमेश कुलकर्णींच्या 'विहीर'मधला नचिकेत मला या सगळ्यात सारखा आठवत होता. 2009 चा हा सिनेमा गिरीश कुलकर्णी आणि सती भावे यांनी लिहिला आहे, आणि त्यातल्या समीर-नचिकेत या दोन भावंडांसारखी घट्ट दोस्ती मराठी पडद्यावर फार कमी दिसते. नचिकेतला नात्यांचाच कंटाळा आलाय. कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी भाऊ असण्यातून त्याला बाहेर पडायचंय. तो जातो, आणि मागे राहिलेला समीर त्याला शोधत राहतो. समीरला त्याच्याबद्दल जेवढं माहीत आहे, ते सगळं शोधायला अपुरं पडतं. इतक्या जवळच्या माणसाचं आत काय चाललं होतं, हे त्याला ठाऊक नसतं, आणि सिनेमा ते ठाऊक असल्याचा आव आणत नाही. मित्रांचा सिनेमा बघताना उलट होतं. आपल्याला वाटतं आपण एकमेकांना पाठ केलेलं आहे. दिग्दर्शकाला वाटतं त्याला ती माहीत आहे. मलाही वाटत होतं की तिच्या वतीनं मी बोलू शकते.

म्हणून त्याला मी एकच सुचवलं. कुठल्याही महोत्सवाला पाठवायच्या आधी तिला दाखव. तिची परवानगी लागते म्हणून नाही, त्याचा कायदा मला कळत नाही. ज्या एका माणसाला हा प्रसंग कसा वाटला हे विचारायला हवं, तिला सोडून आपण चाळीस जणांना विचारलंय, म्हणून.

त्यानं आठवडाभर काही केलं नाही. मग एका रात्री लिंक पाठवली, सोबत चार ओळींचा मेसेज, तो मी वाचलेला नाही. तिचं उत्तर तीन दिवसांनी आलं, ते त्यानं मला दाखवलं. डायरीच्या भाषणाबद्दल तिनं फक्त "हाहा, कोण होता रे तो?" एवढंच लिहिलं होतं. बाकीचा मेसेज आईबद्दल होता. आई असं कधीच बोलली नाही, तिनं लिहिलं होतं. आईनं डायरी जाळली नव्हती. ती त्या रात्री मटार सोलत बसली होती आणि मला म्हणाली, चल, तूही सोल. आम्ही दोघींनी दोन किलो सोलले. तेवढं बदलता आलं तर बघ. नाही आलं तरी चालेल.

आता तो मटारचा प्रसंग शूट करायचाय. मंडईत मटार थंडीत स्वस्त होतात, तोपर्यंत थांबायचं असं ठरलंय. आईचं काम करणाऱ्या काकूंना तारीख विचारली आहे. भाषणाचं काय करायचं, हे त्यानं अजून सांगितलेलं नाही.