सीमा, निवास आणि मत : माहुलच्या संदर्भात

लोकशाहीत निर्णय लोकांनी घ्यावा याबद्दल आज फारसे दुमत नाही. परंतु ते लोक कोण, हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरवायचे, हा प्रश्न राजकीय तत्त्वज्ञानाने फार उशिरा हाती घेतला. लोकांनी निर्णय घेण्याआधी ‘लोक’ कोण याचा निर्णय दुसऱ्या कोणीतरी केलेला असावा लागतो, हा पेच आयव्हर जेनिंग्ज या ब्रिटिश घटनातज्ज्ञाने १९५६ मध्ये मांडला. राष्ट्राच्या पातळीवर तो इतिहासाच्या आड झाकला जातो, कारण देशांच्या सीमा युद्धांनी व तहांनी आखून ठेवलेल्या असतात आणि त्या कोणी आखल्या हे विचारण्याची सवय माणसाला राहिलेली नसते. स्थानिक निवडणुकीत मात्र तो वेळोवेळी उघडा पडतो, कारण प्रभागाची रेषा कचेरीतल्या नकाशावर ओढली जाते आणि ती कोणी ओढली, कोणत्या तारखेला ओढली व तिच्यावर हरकत घेण्याची मुदत किती, हे सारे राजपत्रात छापलेले असते. मुंबईच्या पूर्व उपनगरांतील, चेंबूरलगतचे माहुल हे या प्रश्नाच्या विचारासाठी विशेष उपयोगाचे ठिकाण आहे. तेथे एकाच ठिकाणी पिढीजात राहणारे, सरकारने आणून वसवलेले आणि तेथे न राहताही तेथील हवेवर अंमल असणारे असे तिन्ही प्रकारचे घटक आढळतात.

निवडणुकीची यंत्रणा प्रथम थोडक्यात पाहिली पाहिजे. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने नगरपालिका व महानगरपालिकांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे सोपवल्या. हा आयोग भारत निवडणूक आयोगाहून वेगळा असून महाराष्ट्रात तो १९९४ मध्ये स्थापन झाला. बृहन्मुंबई महानगरपालिकेत २२७ निवडणूक प्रभाग आहेत आणि प्रत्येक प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जातो, राज्यातील इतर महानगरपालिकांप्रमाणे एका प्रभागातून अनेक नव्हे. हे प्रभाग आणि महापालिकेचे प्रशासकीय विभाग यांची गल्लत होऊ नये: माहुल ज्या एम-पश्चिम विभागात मोडते तो कारभाराच्या सोयीचा तुकडा आहे आणि त्याच्या पोटात अनेक निवडणूक प्रभाग येतात. प्रभागांचे प्रारूप, म्हणजे कच्चा आराखडा, प्रशासन तयार करते, त्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात, सुनावणी होते आणि मग अंतिम रचना प्रसिद्ध होते. त्यानंतर अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी राखीव जागांची सोडत निघते. ११ नोव्हेंबर २०२५ च्या सोडतीत २२७ पैकी ११४ प्रभाग महिलांच्या वाट्याला आले. मतदारयादी आयोग स्वतंत्रपणे बनवत नाही, विधानसभेची यादी ठरावीक तारखेला गोठवून ती प्रभागनिहाय विभागली जाते. सोडत, अर्ज, छाननी, चिन्हवाटप यांची वृत्तपत्रांत भरपूर चर्चा होते. या साऱ्याच्या आधी दोन गोष्टी ठरून गेलेल्या असतात, त्यांच्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही: रेषा कोठे पडली, आणि त्या रेषेच्या आत कोणाचे नाव लागले.

माणूस एखाद्या ठिकाणचा कशामुळे ठरतो, याची महाराष्ट्राच्या इतिहासात किमान तीन उत्तरे दिसतात. पहिले उत्तर मिराशीचे. जुन्या गावगाड्यात मिरासदार म्हणजे जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असलेला शेतकरी, आणि उपरी म्हणजे बाहेरून येऊन मुदतीच्या बोलीवर जमीन कसणारा. गावाच्या कारभारात आणि गोतसभेत, म्हणजे वतनदार व गावकरी मिळून तंटे निवडणाऱ्या सभेत, मान मिरासदाराचा असे, बलुतेदारांच्याही निशाण्या महजरावर, म्हणजे निवाड्याच्या कागदावर, उमटत, पण उपऱ्याला तेथे जागा नसे, मग तो त्या गावात कितीही काळ राहिलेला असो. अथेन्समध्ये क्लाइस्थेनीसने इ.स.पू. ५०८ च्या सुमारास नागरिकांची ‘डीम’ या स्थानिक घटकांत नोंद केली तेव्हाही ती पुढे वंशाने चालत राहिली, कुटुंब दुसरीकडे राहायला गेले तरी डीम बदलत नसे. दुसरे उत्तर कराचे: १८७२ च्या कायद्याने मुंबईला ६४ सदस्यांची महापालिका मिळाली, तिच्यातील निम्मे सदस्य करदात्यांनी निवडायचे होते, म्हणजे शहर त्याचे जो शहराला पैसे देतो. तिसरे उत्तर निवासाचे, आणि १९४८ मध्ये मुंबईत प्रौढ मताधिकारावर निवडणूक झाली तेव्हापासून तेच प्रमाण आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मतदार त्या मतदारसंघाचा ‘सामान्यतः रहिवासी’ असावा लागतो. तेथे केवळ घर मालकीचे असून भागत नाही आणि काही काळ बाहेरगावी गेल्याने हा रहिवास तुटतही नाही. यातली एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे: मुंबईत मत देणारा त्याच प्रभागाचा असावा लागतो, पण निवडून येऊ पाहणारा शहरातील कोणत्याही प्रभागाच्या यादीत असला तरी चालतो. प्रतिनिधीच्या बाबतीत कायदा निवासाचा आग्रह सोडतो, प्रतिनिधित्व ज्याचे करायचे त्याच्या बाबतीत मात्र सोडत नाही.

निवासाचा हा आग्रह आधुनिक वाटला तरी त्याचा सर्वांत काटेकोर विचार धर्माच्या क्षेत्रात, बौद्ध विनयपिटकात, झालेला आहे. विनय म्हणजे भिक्षुसंघाच्या आचाराचे व कारभाराचे नियम. त्यांनुसार संघाचे कोणतेही औपचारिक कर्म, उदाहरणार्थ उपोसथ, म्हणजे पंधरवड्याचे नियमपठण, किंवा नव्या भिक्षूची उपसंपदा, ‘सीमे’च्या आत व्हावे लागते, आणि त्या सीमेतला एक अधिकारी भिक्षूही गैरहजर असेल तर ते कर्म सदोष ठरते, आजारी भिक्षूने आपला ‘छंद’, म्हणजे संमती, दुसऱ्याकरवी पाठवावी लागते. सीमा डोंगर, शिळा, वन, वृक्ष, वाट, वारूळ, नदी आणि पाणी अशा आठ प्रकारच्या खुणांनी जाहीर करायची असते, आणि प्रभागरचनेच्या अधिसूचनेत रस्ता, नाला, रेल्वेमार्ग यांच्या आधारे चारही दिशांचे वर्णन वाचणाऱ्याला ही पद्धत ओळखीची वाटेल. एका सीमेवर दुसरी चढता कामा नये आणि नवी बांधण्याआधी जुनी विधिपूर्वक उठवावी लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सीमेच्या आत असलेला आवासिक, म्हणजे तेथे राहणारा, आणि आगंतुक, म्हणजे बाहेरून आलेला, दोघेही संघातच मोजले जातात. उपोसथाचा दिवस चौदावा की पंधरावा यावर दोघांत मतभेद झाला तर आवासिक अधिक किंवा समसमान असताना आगंतुकांनी त्यांच्याशी जुळवून घ्यावे, पण आगंतुक अधिक असतील तर आवासिकांनी जुळवून घ्यावे, असा नियम विनयपिटकातील महावग्गात आहे. गावगाड्याने उपऱ्याला जे कधी दिले नाही ते विनयाने आगंतुकाला दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत भारताला संसदीय रीत नवी नाही हे सांगताना भिक्षुसंघांचाच दाखला दिला होता. त्यांचा रोख ठराव, गणपूर्ती व मतदान यांच्या नियमांवर होता, परंतु सीमेचा नियम या सर्वांच्या मुळाशी आहे, कारण सीमा ठरल्याशिवाय गणपूर्ती कोणाची मोजायची हेच कळत नाही.

आता माहुल. कोळी व आगरी वस्तीचे हे खाडीकाठचे जुने गाव; १९५४ आणि १९५५ मध्ये त्याच्या शेजारी दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले आणि पुढे खतकारखाना, वीजकेंद्र व रसायनांच्या साठवणटाक्या यांनी परिसर भरून गेला. याच परिसरात प्रकल्पबाधितांसाठी ७२ इमारतींची वसाहत उभी राहिली. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार हटवण्यात आल्या तेव्हा तेथील हजारो कुटुंबांना महापालिकेने माहुलची घरे दिली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तर डिसेंबर २०१५ मध्येच माहुल-आंबापाडा परिसरातील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे मान्य केले होते. ऑक्टोबर २०१८ पासून विस्थापितांनी विद्याविहारला जलवाहिनीच्या कडेला धरणे धरले, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, माहुलला जाण्याची सक्ती न करता, पर्यायी घर मिळेपर्यंत कुटुंबाला दरमहा १५,००० रुपये भाडे व ४५,००० रुपये अनामत द्यावी असा आदेश दिला.

या घटनाक्रमात निवासाचे तत्त्व कोठे अडखळते ते पाहावे. निवास हा मताचा आधार मानताना असे गृहीत धरलेले असते की माणूस जेथे राहतो ते ठिकाण त्याने, परिस्थितीच्या मर्यादेत का होईना, पत्करलेले आहे. माहुलच्या वसाहतीत ज्या संस्थेच्या निवडणुकीत मत द्यायचे त्याच संस्थेने मतदाराला तेथे नेऊन ठेवले; म्हणजे प्रतिनिधी निवडणाऱ्यांचा समूह प्रतिनिधींच्या कारभारातूनच घडला. जेनिंग्जने दाखवलेला पेच येथे वर्तुळ होऊन पूर्ण होतो. त्यात मोजणीची भर पडते. २०१७ प्रमाणेच २०२५ ची प्रभागरचनाही २०११ च्या जनगणनेवर आधारलेली आहे; तेव्हाची १ कोटी २४ लाख लोकसंख्या २२७ ने भागली तर दर प्रभागाला सुमारे ५५,००० माणसे येतात आणि रेषा याच सरासरीच्या आसपास राखल्या जातात. जलवाहिनीकाठची जी कुटुंबे २०११ नंतर हलवली गेली ती लोकसंख्येच्या हिशेबात अजून जुन्याच जागी आहेत, तर मतदारयादीत, नाव बदलून घेतले असेल तर, नव्या जागी. एकच माणूस माथी मोजताना एका प्रभागात आणि मते मोजताना दुसऱ्या प्रभागात धरला जातो. नाव बदलून घेतले नसेल तर त्याचे मत अशा वस्तीच्या नगरसेवकासाठी पडते जी वस्ती अस्तित्वातच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या प्रारूप यादीत सुमारे ११ लाख दुबार नोंदी आढळल्या तेव्हा त्यांच्याकडे मुख्यतः लबाडीच्या संशयाने पाहिले गेले. परंतु ज्या शहरात माणसे इतक्या वेळा हलतात आणि हलवली जातात तेथे जुनी सीमा न उठवता नवी बांधण्याचा दोषही अशा नोंदींच्या मागे असणार, हे मान्य करावयास हवे.

निवासाविरुद्धचा मोठा तात्त्विक आक्षेप असा की निर्णयाची झळ ज्याला पोहोचते त्याला त्या निर्णयात आवाज असावा, तो कोठे राहतो हे गौण आहे. रॉबर्ट डाल या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने १९७० मध्ये या तत्त्वाची दखल घेतली आणि त्याची अडचणही सांगितली: प्रत्येक निर्णयाची झळ वेगळ्या समूहाला लागते, तेव्हा दर निर्णयाला नवे मतदारमंडळ लागेल. माहुलच्या बाबतीत हे तत्त्व प्रथमदर्शनी आकर्षक वाटते, कारण तेथील हवा बिघडवणारे कारखाने नगरसेवकाच्या तर सोडाच, महापालिकेच्याही आटोक्यात फारसे नाहीत. त्यांतील मोठे केंद्र सरकारच्या मालकीचे आहेत. परंतु त्याचा प्रामाणिक अवलंब केला तर तेथील इंधन वापरणारे सारे शहरही बाधितांत येईल आणि वसाहतीतील मते त्यात बुडून जातील. तेव्हा हे तत्त्व मतदारयादीला निरुपयोगी आहे; त्याची खरी जागा न्यायालयात आहे, जेथे एक बाधित माणूसही लाखांच्या बरोबरीने उभा राहतो. माहुलला जो काही दिलासा मिळाला तो याच वाटेने मिळाला: उच्च न्यायालयाचा भाड्याचा आदेश आणि ऑगस्ट २०२० मध्ये हरित न्यायाधिकरणाने चार कंपन्यांवर ठरवलेली सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई. मतपेटीने तो दिला नाही, आणि ७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपल्यापासून जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचा कारभार असल्याने देण्याचा प्रश्नही उरला नव्हता. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे असे संविधानाचा अनुच्छेद २४३-यू सांगत असताना ही स्थिती टिकली, हे तत्त्वज्ञानाच्या नव्हे, निगरगट्टपणाच्या सदरात घालावे लागते.

निवासाचे तत्त्व मिराशीपेक्षा न्याय्य आहे कारण ते उपऱ्याला वगळत नाही, कराच्या तत्त्वापेक्षा न्याय्य आहे कारण ते गरिबाला वगळत नाही, आणि झळीच्या तत्त्वापेक्षा व्यवहार्य आहे कारण त्याची यादी करता येते. मात्र हे श्रेष्ठत्व सशर्त आहे. जो स्वतः घर बदलतो त्याने यादीतले नाव बदलून घेण्याची तसदी घ्यावी, ही अपेक्षा रास्त म्हणता येईल. ज्याचे घर शासनाने बदलले त्याच्यावर तीच तसदी टाकणे म्हणजे विस्थापनाचा आणखी एक खर्च त्याच्याकडून वसूल करणे होय. विनयाने सीमा बदलण्याचा भार संघावर टाकला होता, एकेका भिक्षूवर नव्हे. पुनर्वसनाच्या घराचे ताबापत्र आणि मतदारयादीतील नोंद एकाच वेळी, त्याच अधिकाऱ्याच्या जबाबदारीवर, त्या कुटुंबाच्या संमतीने हलली पाहिजे, आणि प्रभागांच्या रेषा आखताना जनगणनेच्या आकड्यात अशा शासकीय स्थलांतरांची दुरुस्ती केली पाहिजे. या दुसऱ्या गोष्टीसाठी लागणारी माहिती महापालिकेच्याच दप्तरात असते, कारण घरांचे वाटप तिनेच केलेले असते. १५ जानेवारी २०२६ रोजी मुंबईने जे मतदान केले ते अशी कोणतीही दुरुस्ती न होता, पंधरा वर्षांपूर्वीच्या लोकसंख्येवर आखलेल्या प्रभागांत झाले.