सुइणीची विद्या आणि तिचा विवेक

धनजसारख्या गांवांतील मुली आज परिचारिकेचें व सुइणीचें शिक्षण घेतात. नाडी पाहणें, बाळ उतरवून घेणें, रक्तस्राव थांबविणें हें त्यांस शिकवितात. परंतु गर्भपात मागणारी बाई समोर आली असतां मनानें कसें वागावें, हें कोण शिकविणार?

१९७१ च्या कायद्यानें ठराविक कारणांसाठीं गर्भपातास मोकळीक दिली. २०२१ च्या दुरुस्तीनें कांहीं स्त्रियांसाठीं मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत वाढविली. तें काम नोंदलेल्या डॉक्टरानेंच करावयाचें. बाईचें नांव गुप्त राखणें हेंही कायद्याचें बंधन आहे. तेव्हां येथें सुइणीची परीक्षा हातांपेक्षां जिभेची व मुद्रेची अधिक आहे.

कोणी म्हणेल, गर्भ ही देवाची देणगी. ती नाकारणारीस चार शब्द सुनावणें हा धर्मच होय. गर्भाचें जीवित मोलाचें आहे, हें आम्हीही मानतों. निर्गमाच्या पुस्तकांतील शिप्रा व पुवा ह्या सुइणींनीं राजाज्ञा मोडून बालकें वांचविलीं. परंतु त्यांचा विरोध फारोशीं होता, बाळंतिणींशीं नव्हे.

आपल्या पुण्याचाच दाखला घ्या. काशीबाई नामक विधवेनें लोकलज्जेस्तव आपलें मूल मारिलें व तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनीं १८६३ सालीं बालहत्याप्रतिबंधक गृह उघडिलें. विधवेनें यावें, गुप्तपणें बाळंत व्हावें, मूल न्यावें किंवा ठेवून जावें. अशाच एका विधवेचा पुत्र यशवंत त्यांनीं दत्तक घेतला. तो पुढें डॉक्टर झाला. बालहत्या त्यांस मान्य नव्हतीच. पण निंदेनें ती थांबत नाहीं, निंदेच्या भयानेंच घडते, हें त्यांनीं ओळखिलें.

आजही दवाखान्यांत हिणविलेली बाई चोरून गांवठी औषधाच्या मागें लागली, तर गर्भासह तिचाही जीव जाण्याचें भय असतें.

ह्यास्तव नीतिशिक्षण म्हणजे ठरीव उत्तरें पाठ करविणें नव्हे. विद्यार्थिनीस विचार करावयास लावावें: ही कोणाच्या धाकानें आली? मुलगी नको म्हणून घरच्यांनीं पाठविली काय? गर्भाचें लिंग पाहण्यास तर १९९४ च्या कायद्यानें मनाई आहे. हिच्या जिवास धोका आहे काय? जिचें मन ह्या कामांत साहाय्य करूं देत नाहीं, तिनें वरिष्ठांस आधींच सांगावें. ऐन संकटांत बाईस सोडूं नये, तिची वाच्यता तर कधींच करूं नये.

आणि मंडळीनेंही स्वतःस विचारावें: अशी बाई मूल ठेवूं म्हणाली, तर तिला व त्या मुलाला आपण पोटाशीं धरूं काय?